रंगूनची पेटी

१

कुरुळीच्या ओढ्यापलीकडे, मंजुळाबाईंच्या शेतात प्रेत सापडलं तेव्हा निम्मा गाव बघायला धावला. त्यातल्या एकानेही आधी प्रेताकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी पेटीकडे पाहिलं.

खड्डा दीड पुरुष खोल होता. तळाशी एक माणूस पालथा पडला होता, डोक्याची मागची बाजू फुटलेली, अंगावर पिवळा मुरूम. शेजारी लष्करी हिरव्या रंगाची लाकडी पेटी. झाकण उघडं आणि आत काही नाही.

"गेलं सोनं," माझ्या मागे उभा असलेला एक जण म्हणाला. घरातलं माणूस गेल्यासारखा त्याचा आवाज दाटून आला होता.

ही गोष्ट एकोणीसशे सत्तावन्न सालच्या मार्च महिन्यातली. मी उद्धव दिघे, मोजणी खात्यात सर्व्हेअर. हद्दीचे दगड बसवायला महिनाभरासाठी कुरुळीला आलो होतो आणि चावडीवर मुक्कामाला होतो.

लढाईच्या दिवसांत कुरुळीच्या माळावर गोऱ्या पलटणीची छावणी होती. जपान्यांनी रंगून घेतलं तेव्हा तिथल्या बँकेतलं सोनं एका कॅप्टनने लांबवलं, या छावणीत आणून ठेवलं आणि पंचेचाळीस साली विलायतेला परतताना इथंच पुरलं, अशी गावात कथा होती. ज्या माणसाच्या हाताशी ट्रक होते, आगबोट होती, तो सोनं कुरुळीच्या मुरमात टाकून हात हलवत घरी का जाईल, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं.

दिवाळीनंतर कुठून तरी कॅप्टनचा नकाशा निघाला आणि वेड वाढलं. पुण्याहून कारकून आले, पेन्शनीत निघालेले मास्तर आले, चिंचवडचा एक पैलवान आला. लिंबू, नारळ, गुलाल घेऊन येत आणि मंजुळाबाईंचं शेत उकरून जात. चाळीसच्या वर खड्डे झाले होते. उभी ज्वारी तुडवली गेली. एका खड्ड्यात म्हैस पडली, तिचा पाय मोडला. असल्या माणसांबद्दल मला दया कधी वाटली नाही, त्या दिवशीही वाटली नाही. मेलेला माणूस ज्योतीराम नावाचा, जिंतूरकडून पोटासाठी आलेला मजूर आहे असं कळलं, तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणालो, "चला, एक मूर्ख कमी झाला."

दुपारपर्यंत फौजदार मारुतरावांनी गुन्हेगार पकडलासुद्धा. खड्ड्यात एक पहार सापडली होती. ती भैरूची होती. भैरू हा मंजुळाबाईंचा धाकटा दीर, आणि खजिन्याचं सगळ्यात जास्त वेड त्यालाच होतं. दोघांनी मिळून सोनं काढलं, भैरूने सोबत्याला मारलं आणि सोनं लपवलं, असा मारुतरावांचा हिशेब. सोनं कुठं आहे ते सांग म्हणून त्याला चौकीत मार बसत होता.

संध्याकाळी मंजुळाबाई चावडीवर आल्या. चाळिशीच्या, विधवा, आवाजात विनवणी अजिबात नाही.

"सायेब, आमचा भैरू येडा हाय, पर खुनी न्हाई. तुमी जमिनीचं जाणता. एकदा त्या खड्ड्यात उतरून बघा."

"त्यात बघायचं काय?"

"त्ये मला कळत असतं तर तुमच्याकडं कशाला आले असते?"

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मारुतरावांना घेऊन शेतावर गेलो. ते कंटाळले होते. भैरू अजून सोन्याचा ठिकाणा सांगत नव्हता आणि वरून विचारणा सुरू झाली होती.

मी आधी बाकीचे खड्डे पाहिले. कुत्र्याने हाड पुरायला उकरावं तसे खड्डे, वर रुंद, खाली निमुळते, वाकडेतिकडे. मग या खड्ड्यात उतरलो आणि थांबलो.

चारी भिंती ओळंब्यात, सरळ उभ्या होत्या. कोपरे काटकोनात. चढण्या-उतरण्यासाठी एकाआड एक खोबण्या पाडलेल्या, पाय बरोबर बसेल अशा. मुरमावर रुंद पात्याचे घाव एकासारखे एक उमटले होते.

"मारुतराव, भैरूने खणलेला एखादा खड्डा दाखवा."

त्यांनी शेजारचा दाखवला. पहारेने भोसकून ढेकळं काढलेली होती.

"हा माणूस आणि तो माणूस एक नव्हे. हा खड्डा टिकावाने खणलाय, आणि ज्याने खणलाय त्याचा जन्म यात गेलाय. मग टिकाव कुठंय? फावडं कुठंय? दीड पुरुष मुरूम याने नखांनी काढला?"

मारुतराव खड्ड्याच्या काठावरून इकडेतिकडे बघू लागले. पहार सापडल्यावर आणखी काही शोधायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

पेटी चौकीत होती. ती मी उपडी केली. बाहेरून माती थापलेली, पण ती ओल्या हाताने थापावी तशी, एकसारखी. झाकणाची बिजागरी बोटाने हलली. बारा वर्षं जमिनीत राहिलेल्या लोखंडाचा जाम गंज मी रोज बघतो. हद्दीच्या खुणा उकरताना मोठाले खिळे हातात भुसा होऊन येतात. ही बिजागरी तेल दिलेली होती. आणि तळाच्या फळ्यांच्या फटीत काहीतरी अडकलं होतं. चिमट्याने ओढून काढलं. कांद्याची सालपटं, वाळलेली, पातळ, गुलाबी.

"रंगूनच्या बँकेत कांदे ठेवत असतील," मी म्हणालो.

मारुतरावांनी एक सालपट हातात घेतलं. "म्हणजे ही पेटी..."

"परवापरवापर्यंत कुणाच्या तरी कांद्याच्या वखारीत होती. छावणी उठली तेव्हा असल्या पेट्या लिलावात निघाल्या, आणि कांदा घराघरात आहे. त्यामुळे कुणाची ते एवढ्याने कळणार नाही. पण सोनं यात कधीच नव्हतं. सोनं नाही, तर भैरूने वाटणीसाठी खून केला ही तुमची गोष्टही नाही."

"मग त्याला मारलं कशासाठी?"



३

मंजुळाबाई गोठ्यात होत्या. मी विचारलं, "मेलेल्या माणसाला तुम्ही कधी पाहिलं होतं?"

त्या वैरण टाकायच्या थांबल्या. 

"शुक्रवारी आला व्हता. दारात उभा ऱ्हायला. प्यायला पाणी द्या म्हनला. मी शेतातनंच बघत व्हते, दोन दिस खनत व्हता. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. म्हनलं, माझ्या रानाचं वाटोळं करून वर पाणी मागतोस? लई वंगाळ बोलले."

"तो काय म्हणाला?"

"आधी कायच न्हाई. मग म्हनला, बाई, चिडता कशाला, अजून चार हात गेलो की तुमच्या गावाला पाणी लागंल. मला वाटलं चेष्टा करतोय. म्हनलं, रान माझं, मालकीन मी, तुला खनायला सांगितलं कुनी? तसा तो माझ्याकडं बघतच ऱ्हायला. 'रान तुमचं?' म्हनला. दोनदा इचारलं त्यानं. मग म्हनला, 'मग मालकालाच इचारतो.' आन गेला."

"त्याला पाणी दिलंत?"

त्यांनी मान हलवली. नाही.

मी गोठ्याबाहेर येऊन दगडावर बसलो. खजिन्याचा माग काढणारा माणूस 'पाणी लागेल' कशाला म्हणेल? ज्योतीराम सोनं शोधत नव्हता. त्याला विहीर खणायची मजुरी मिळाली होती. शेताचा मालक म्हणून कुणीतरी त्याच्यासमोर उभा राहिला होता, जागा दाखवली होती, आणि शुक्रवारी त्याला समजलं की तो माणूस मालक नाही. ते विचारायला तो त्याच्याकडे गेला. शनिवारी चाकणचा बाजार. अर्धं गाव बाजारात आणि शिवार मोकळं. रविवारी प्रेत.

त्या मालकाला विहीर नको होती. खोल खड्डा हवा होता, तळाशी पेटी ठेवता येईल असा. चार दिवसांनी कुणाला तरी ती 'सापडली' असती आणि मग अख्खा तालुका मंजुळाबाईंच्या शेतावर तुटून पडला असता.

पण मंजुळाबाईंच्या शेतावरच का? ते नकाशा सांगेल असं वाटलं, म्हणून मी नकाशा ज्याच्याकडून निघाला त्याच्याकडे गेलो.

४

अर्जुनराव पूर्वी छावणीच्या कोठारावर हवालदार होता. खाकी कोट, पीळ दिलेल्या मिशा. चहा पाजणाऱ्याला तो रंगूनची गोष्ट सांगे आणि दर कपाला सोनं थोडं वाढे.

"कॅप्टनसाहेबांनी जाताना माझ्या हातात दिला," नकाशा पुढे करत तो म्हणाला. "म्हणाले, अर्जुन, तुझ्याशिवाय कुणावर भरवसा नाही."

"आणि तुम्ही बारा वर्षं तो नुसता जपून ठेवलात? स्वतः एक फावडंही मारलं नाहीत?"

"इमान, साहेब."

नकाशा तपकिरी कागदावर होता, कडा चहात बुडवून काळ्या केलेल्या. ओढा, मंजुळाबाईंच्या बांधावरचं चिंचेचं झाड, बाणाची खूण. खाली कॅप्टनची लफ्फेदार इंग्रजी सही. बाणाजवळ लिहिलं होतं, गट नंबर २१४.

मी हसलो. नंतर हसू थांबलं.

हसलो ते अशासाठी की बेचाळीस काय, पंचेचाळीस साली काय, कुरुळीत गट नंबर नावाची गोष्टच नव्हती. तेव्हा जमिनींना सर्व्हे नंबर होते. तुकडे जोडून गट पाडायचं काम गेल्या दोन वर्षांतलं, आणि ते मीच केलं होतं. कॅप्टनला पुढच्या बारा वर्षांचं सरकारी काम आधीच दिसलं असेल तर गोष्ट वेगळी.

"अर्जुनराव, हा कागद दोन वर्षांपेक्षा जुना नाही. खरं सांगा, नाहीतर खोटा दस्त केला म्हणून मारुतराव तुम्हाला भैरूच्या शेजारी बसवतील."

मिशा खाली आल्या. "छावणीच्या मोडक्या भटारखान्यात भिंतीच्या भोकात मिळाला, साहेब. दिवाळीनंतर. मी रोज तिकडं फिरायला जातो, सगळ्या गावाला ठाऊक आहे. कॅप्टनने दिला म्हणालो, कारण... लोक मान देतात हो."

त्याच्या तोंडाकडे बघवेना. चार कप चहासाठी या माणसाने एका बाईच्या शेताची चाळण होऊ दिली होती. पण खोटा नकाशा करायची अक्कल त्याच्यात नव्हती. त्याच्यासाठी तो मुद्दाम तिथे ठेवला गेला होता. ठेवणाऱ्याला माहीत होतं की अर्जुनराव तो कधीच गुपचूप ठेवणार नाही.

हसू थांबलं ते दुसऱ्या कारणाने. मंजुळाबाईंच्या शेताचा गट नंबर २१४ नाहीच. तो २१७ आहे. सरकारी दप्तरात तो २१४ कधीही नव्हता. या नकाशाखेरीज जगात एकाच कागदावर त्या शेतावर २१४ लिहिलेलं होतं, आणि तो कागद माझ्या हस्ताक्षरात होता.

५

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी मी गटांचा कच्चा आराखडा केला. ओढ्याच्या वरच्या अंगाने आकडे टाकत आलो आणि मंजुळाबाईंचं शेत २१४ आलं. दुसऱ्या दिवशी वरच्या अंगाच्या एका घरातल्या भावांनी वाटण्या मागितल्या, तीन गट वाढले, आणि पुढचे सगळे आकडे तीनाने सरकले. कच्चा कागद मी फाडून जाळला. आराखडा केला त्या दुपारी तो फक्त एका माणसाने पाहिला होता. मी त्याच्या घरी जेवायला गेलो होतो. वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी, घट्ट दही. जेवणानंतर त्याने विचारलं, "आमच्या शेजारणीचं शेत कुठं बसलं, उद्धवराव?" मी कागद उलगडून दाखवला आणि त्याने सिगारेटच्या पाकिटावर आकडा टिपून घेतला.

दाखवायला नको होता. एका जेवणापायी दाखवला.

तो माणूस म्हणजे यशवंतराव, एकत्रीकरणाच्या गावसमितीचा अध्यक्ष. लढाईत छावणीला भाजीपाला पुरवून वर आलेला, आता खादीत. पिंपरीला औषधांचा कारखाना निघाल्यापासून मुंबईच्या पार्ट्या रस्त्याकडेच्या जमिनी विचारत फिरत होत्या. मंजुळाबाईंचं शेत नाशिक रस्त्याला लागून होतं आणि त्या विकायला तयार नव्हत्या. पण शेतात पिकायचं थांबलं, रोज शंभर माणसं तुडवू लागली, तर विधवा बाई किती दिवस तग धरेल?

एवढं मला कळलं होतं. सिद्ध काहीच करता येत नव्हतं. जळालेल्या कागदाला साक्षीला कोण बोलावणार?

मंगळवारी सकाळी मी मारुतरावांना सगळं सांगितलं आणि एक युक्ती सुचवली. दहा वाजता ते यशवंतरावांच्या ओसरीवर जाऊन बसले. मी होतो, अर्जुनराव होता, खजिन्याच्या आशेने आमच्या मागोमाग आलेले वीसेक लोक अंगणात होते.

"जरा पंच म्हणून मदत करा, यशवंतराव," मारुतराव कागद काढत म्हणाले. "पंचनाम्यात जागेचं वर्णन राहिलंय. समितीचे अध्यक्ष तुम्ही, तुमच्यापेक्षा कोण सांगणार?"

यशवंतराव प्रसन्न झाले. पान तोंडात सरकवून त्यांनी सांगायला सुरुवात केली. "लिहा. मौजे कुरुळी. ओढ्यालगत, नाशिक रस्त्याच्या पूर्वेस. गट नंबर दोनशे चौदा. मालक मंजुळाबाई."

"दोनशे चौदा? नक्की?"

"अहो, माझ्या देखत आकडे पडलेत!"

"गावात बाकी सगळे त्याला ओढ्यावरचं रान म्हणतात," मी म्हणालो. "तलाठ्याच्या दप्तरात ते दोनशे सतरा आहे. दोनशे चौदा ते फक्त दोन ठिकाणी होतं. एक, मी तुम्हाला जेवणानंतर दाखवलेल्या कच्च्या कागदावर. दोन, कॅप्टनच्या नकाशावर."

यशवंतरावांचं चघळणं थांबलं.

"चुकलं असेल. लिहिताना एखादा आकडा..."

"चुकलं खरं. पक्का उतारा तुम्ही उघडूनसुद्धा पाहिला नाहीत. कूळकायद्याला भिऊन जमिनी पाच जणांच्या नावावर केल्यात, कुठली कोणत्या नंबरात गेली याचं तुम्हालाच भान राहिलं नाही. आज दोनशे चौदा नंबरची जमीन कुणाची आहे, सांगू? तुमच्या बायकोची. तुमच्याच नकाशाप्रमाणे खजिना तुमच्याच घरचा आहे, यशवंतराव."

अंगणातले लोक ओसरीच्या पायरीपर्यंत पुढे सरकले.

"एक मजूर विहीर खणायला लावलात," मी पुढे म्हणालो. "शुक्रवारी तो विचारायला आला, मालक, ते रान तुमचं नाही म्हणतात. तो गप्प बसणारा नव्हता. गप्प बसला असता तर विचारायलाच आला नसता. उद्या रानावरच दाखवतो म्हणालात, आणि शनिवारी दुपारी, शिवार मोकळं असताना, तुम्ही त्याच्याच टिकावाने त्याला मारलंत. टिकावाला रक्त लागलं, म्हणून तो उचलून नेलात आणि शेजारच्या खड्ड्यातली भैरूची पहार आणून टाकलीत. पेटी तयारच होती, तीही ठेवलीत. विहीर खणणारा माणूस एका क्षणात खजिन्याचा चोर झाला. त्याच्यासाठी कुणी हळहळणार नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं."

"पुरावा?" यशवंतराव ओरडले. "पुरावा काय तुमच्याकडं?"

मारुतराव उठले. "कांद्याची वखार उघडा."

यशवंतराव उठले नाहीत.  टिकाव, फावडं आणि दोराची गुंडाळी कांद्याच्या ढिगाखाली मिळाली. टिकावाच्या दांड्यावर काळपट डाग होता. शेजारी तशाच दोन हिरव्या पेट्या कांद्यांनी भरलेल्या होत्या.

६

यशवंतराव पुढे पुण्याच्या कोर्टात शेवटपर्यंत म्हणत राहिले, 'मी नुसतं ढकललं.' जन्मठेप झाली.

भैरू त्याच दिवशी सुटला. एक डोळा सुजून बंद झालेला. मंजुळाबाई त्याला घ्यायला चौकीवर आल्या होत्या. बाहेर पडल्यावर तो माझ्या कानाशी लागला. "सायेब, पेटीत खरंच काय नव्हतं का वो?" मंजुळाबाईंनी ते ऐकलं.  त्या त्याला मागे सोडून सरळ पुढे चालू लागल्या.

त्याहून कहर अंगणातल्या त्या वीस जणांनी केला. नकाशा खोटा, कॅप्टन खोटा, सोनं खोटं, हे सगळं त्यांनी माझ्या तोंडून ऐकलं होतं. त्यांच्या लक्षात एवढंच राहिलं की खरा दोनशे चौदा नंबर यशवंतरावांच्या बायकोच्या नावावर आहे. दोन दिवसांत तिच्या शेतात सोळा खड्डे झाले. पैलवान पुन्हा नारळ घेऊन आला. मी बघून आलो आणि हसलो, मनापासून, तुच्छतेने. मूर्खांच्या गावात शहाणा मी एकटाच, असं मला वाटत होतं.

आठवड्याने ज्योतीरामची बायको आली. अंबूबाई. जिंतूरहून भावाबरोबर, दोन दिवस प्रवास करून. अंगावरचं लुगडं धुवट, चेहरा कोरडा. मारुतरावांनी तिच्या नवऱ्याची घोंगडी, जर्मनचा डबा आणि हत्यारांची पावती टेबलावर ठेवली. हत्यारं खटला होईपर्यंत कोर्टात राहणार होती.

"इथं अंगठा करा बाई."

"काय लिवलंय?" तिने विचारलं.

मारुतरावांना दुसरं काम होतं. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी वाचून दाखवू लागलो. "मयत ज्योतीराम, राहणार जिंतूर तालुका, खजिना शोधणारा इसम..."

पहिल्या दिवशीच्या कागदावरून उतरवलेली ओळ होती ती. नंतर कुणी बदलली नव्हती.

"खजिना म्हंजे?"

 तिच्या भावाने हळूच सांगितलं, "गुप्तधन."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता, आश्चर्य होतं. चांगल्या कपड्यातल्या, शिकलेल्या माणसाने असलं काही लिहावं याचं आश्चर्य.

"तसलं काई नाई वो सायेब," ती म्हणाली. "आमच्या घरचे हिरी खणायचे. एकवीस हिरी खणल्यात त्येंनी. मी वरून दोर ओढायची. एक बी कोरडी गेली नाई." तिने हात पदराखाली घेतला. "ते आधी लिवा. मग अंगठा देते."

मारुतराव वर बघून म्हणाले, "अहो बाई, ती नुसती पावती आहे."

ती हलली नाही.

मी टाक उचलला. ती ओळ खोडायचा मला अधिकार नव्हता, मी मोजणी खात्याचा माणूस. तरी खोडली. वरच्या मोकळ्या जागेत लिहिलं, 'विहिरी खणणारा कारागीर', आणि तिला वाचून दाखवलं.

"एकवीस," ती म्हणाली.

मी 'एकवीस विहिरी' असं लिहिलं. तेव्हा तिने हात पदराबाहेर काढला आणि अंगठा शाईत बुडवला.